कोन आणि अंतर यांवरून बिंदूचे निर्देशक कसे काढावेत?

एका ज्ञात बिंदूपासून ठरावीक कोनात आणि ठरावीक अंतरावर असलेल्या बिंदूचे निर्देशक काढण्याचे गणित अवघ्या दोन ओळींचे आहे आणि ते शाळेत शिकलेल्या त्रिकोणमितीच्या पलीकडे जात नाही. तरीही मोजणीच्या वहीत, वर्कशॉपमधल्या आखणीत आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच गणित पुन्हा पुन्हा चुकते. चुकणाऱ्याला सूत्र येत नाही असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा सूत्र बरोबर असते, पण त्यात घातलेला कोन भलत्याच रेषेपासून, भलत्याच दिशेने किंवा भलत्याच एककात मोजलेला असतो. म्हणून या लेखात सूत्राला थोडी जागा दिली आहे आणि कोनाची चौकशी मात्र सविस्तर केली आहे.

सूत्र कुठून येते

कागदावर ज्ञात बिंदू काढा. त्याच्यातून उजवीकडे जाणारी एक आडवी रेषा ओढा. त्या रेषेशी दिलेला कोन करणारी दुसरी रेषा काढून तिच्यावर दिलेल्या अंतरावर नवा बिंदू ठेवा. नव्या बिंदूतून आडव्या रेषेवर लंब टाकला की काटकोन त्रिकोण तयार होतो. दिलेले अंतर हा त्याचा कर्ण असतो, कोनालगतची बाजू म्हणजे उजवीकडे सरकण्याचे माप असते आणि कोनासमोरची बाजू म्हणजे वर सरकण्याचे माप असते. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन आणि समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, या व्याख्यांतून दोन्ही ओळी थेट मिळतात:

नवा क्ष = जुना क्ष + अंतर × कॉस(कोन)
नवा य = जुना य + अंतर × साइन(कोन)

यात तीन गोष्टी गृहीत आहेत. कोन क्ष-अक्षाच्या धन बाजूपासून मोजला आहे, तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतो आणि य-अक्ष वरच्या दिशेने धन आहे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट प्रत्यक्षात वेगळी असेल, तर सूत्र जसेच्या तसे वापरता येत नाही.

जाता जाता एक नोंद. ‘साइन’ हा शब्द मुळात आपल्या ‘ज्या’चाच प्रवास करून परत आलेला अवतार आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचे ‘जीवा’ हे रूप अरबीत ‘जीबा’ झाले, स्वरचिन्हांशिवाय लिहिल्यामुळे ते ‘जैब’ असे वाचले गेले आणि त्या दुसऱ्या शब्दाच्या अर्थाचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ असे झाले. आर्यभटाच्या ज्यासारणीत त्रिज्या ३४३८ धरलेली आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण चूक किती मोठी आहे याचा अंदाज घेताना तो आजही उपयोगी पडतो.

एक उदाहरण हाताने सोडवून पाहू

ज्ञात बिंदूचे निर्देशक (१२०, ८०) आहेत, कोन ३५° आहे आणि अंतर ४५ आहे असे समजा. कॉस ३५° म्हणजे ०.८१९१५२ आणि साइन ३५° म्हणजे ०.५७३५७६. या दोन्हींना ४५ने गुणल्यावर आडवे सरकणे ३६.८६२ आणि उभे सरकणे २५.८११ येते. ते जुन्या निर्देशकांत मिळवल्यावर नवा बिंदू (१५६.८६२, १०५.८११) येथे पडतो.

आता पडताळा. ३६.८६२चा वर्ग आणि २५.८११चा वर्ग यांची बेरीज २०२५.०१ येते आणि ४५चा वर्ग २०२५ आहे. शेवटच्या स्थानातला फरक पूर्णांकनाचा आहे, म्हणून गणित जुळले असे म्हणावेसे वाटते. पण इथेच थांबणे धोक्याचे आहे. पायथागोरसचा हा पडताळा फक्त गुणाकार-बेरजेच्या चुका पकडतो, कोनाची चूक तो कधीच पकडत नाही. कारण कोन कोणताही घेतला, तरी साइन आणि कोसाइन यांच्या वर्गांची बेरीज १च येते. हेच उदाहरण रेडियनवर ठेवलेल्या कॅल्क्युलेटरने सोडवले, तर आडवे सरकणे उणे ४०.६६६ आणि उभे सरकणे उणे १९.२६८ येते. बिंदू अगदी उलट बाजूला जातो, आणि तरीही वर्गांची बेरीज २०२५च भरते. साइन आणि कॉस यांची अदलाबदल झाली, तरीही ती तेवढीच भरते.

कोनाची चूक कच्ची आकृती पकडते. कोन ४५°पेक्षा कमी असेल, तर आडवे सरकणे उभ्यापेक्षा जास्त असले पाहिजे. ३५°साठी ते तसे आहे. कोन ९० आणि १८० अंशांच्या दरम्यान असेल, तर आडवे सरकणे ऋण आणि उभे धन असले पाहिजे. आकृती प्रमाणात नसली तरी चालते, पण उत्तर काढण्याआधी ती काढलेली असली पाहिजे. उत्तर आल्यावर काढलेली आकृती बहुधा उत्तराला साजेशीच निघते.

कोनाला विचारायचे तीन प्रश्न

कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी कोन कोणत्या रेषेपासून मोजला आहे, तो कोणत्या दिशेने वाढतो आणि तो कोणत्या एककात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. मनातल्या मनात दिलेली उत्तरे पुरत नाहीत, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक क्षेत्रात इतकी सवयीची झालेली असतात की ती वेगळी असू शकतात हेच सुचत नाही.

एककापासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत सोपे आहे आणि तरीही सर्वांत जास्त फसवते. कॅल्क्युलेटरमध्ये अंश, रेडियन आणि ग्रॅड असे तीन पर्याय असतात. पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश, ६.२८३१८५ रेडियन किंवा ४०० ग्रॅड. एक रेडियन सुमारे ५७.२९५८ अंशांचा असतो, म्हणून अंशांचे रेडियन करायचे असतील तर ०.०१७४५३३ने गुणावे. स्प्रेडशीट आणि जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषा कोन रेडियनमध्येच मागतात. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘रेडियन्स’ नावाचे फंक्शन आहे; कोन आधी त्यातून काढून मगच साइन किंवा कॉसला द्यावा.

रेडियनची चूक निदान दिसते, कारण उत्तर बहुतेक वेळा भलत्याच चरणात जाते. ग्रॅडची चूक जास्त घातकी आहे. ३५ ग्रॅड म्हणजे ३१.५ अंश होतात, त्यामुळे वरच्या उदाहरणात आडवे सरकणे ३८.३६९ आणि उभे २३.५१२ येईल. चिन्हे बरोबर, आडवे सरकणे उभ्यापेक्षा मोठे, वर्गांची बेरीजही बरोबर. आकृतीसुद्धा काही बोलणार नाही. यावर एकच उपाय आहे: दर वेळी काम सुरू करताना साइन ३० काढून पाहावा. उत्तर ०.५ आले तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे, उणे ०.९८८ आले तर रेडियनवर आणि ०.४५४ आले तर ग्रॅडवर. अनेक कॅल्क्युलेटरवर पडद्याच्या वरच्या कडेला या पर्यायाचे बारीक अक्षर असते खरे, पण ते वाचण्यापेक्षा साइन ३० काढणे अधिक भरवशाचे आहे.

अंश-मिनिट-सेकंद हा एककाचाच पोटप्रश्न आहे. २१५°३०′ म्हणजे २१५.३० नव्हे, तर २१५.५ अंश. मिनिटांना ६०ने आणि सेकंदांना ३६००ने भागून अंशांत मिळवावे लागते. वहीत ‘२१५.३०’ असे लिहिण्याची सवय असेल तर ती आजच मोडावी, कारण चार दिवसांनी वही उघडल्यावर टिंबाचा अर्थ काय होता हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उत्तरेपासून मोजलेला कोन

मोजणी, नौकानयन आणि नकाशाकामात कोन उत्तरेपासून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. त्याला दिगंश म्हणतात. पूर्व ९०°वर, दक्षिण १८०°वर आणि पश्चिम २७०°वर असते. इथे आडव्या अक्षाऐवजी उभ्या अक्षापासून सुरुवात असल्याने लगतची आणि समोरची बाजू यांची अदलाबदल होते. पूर्वेकडचा निर्देशक म्हणजे ईस्टिंग आणि उत्तरेकडचा म्हणजे नॉर्दिंग असे धरले, तर सूत्रे अशी होतात:

नवे ईस्टिंग = जुने ईस्टिंग + अंतर × साइन(दिगंश)
नवे नॉर्दिंग = जुने नॉर्दिंग + अंतर × कॉस(दिगंश)

साइन आणि कॉस यांनी जागा बदलल्या, एवढाच फरक. काही जण दिगंश ९०मधून वजा करून आधी गणिती कोन काढतात आणि मग पहिलेच सूत्र वापरतात. उत्तर दोन्ही रीतींनी एकच येते, पण एका कामात एकच रीत धरावी. दोन्ही एकत्र केल्या, म्हणजे कोनही बदलला आणि साइन-कॉसही बदलले, तर चूक जशी होती तशी परत येते.

ईस्टिंग १००० आणि नॉर्दिंग २००० असलेल्या बिंदूवर उपकरण उभे आहे, दिगंश २१५°३०′ आहे आणि आडवे अंतर ६२.४० मीटर आहे असे समजा. साइन २१५.५° म्हणजे उणे ०.५८०७०३ आणि कॉस २१५.५° म्हणजे उणे ०.८१४११६. त्यावरून ईस्टिंगमधला फरक उणे ३६.२३६ आणि नॉर्दिंगमधला फरक उणे ५०.८०१ येतो. नवा बिंदू ईस्टिंग ९६३.७६४, नॉर्दिंग १९४९.१९९ येथे आहे. दिगंश दक्षिण आणि पश्चिम यांच्यामधला असल्याने दोन्ही फरक ऋण येणे अपेक्षितच होते.

इथे कॅल्क्युलेटरने चिन्ह आपोआप दिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. साइन-कोसाइनची कोष्टके वापरावी लागत तेव्हा कोन आधी ९०°च्या आत आणून चिन्ह हाताने लावावे लागे. ‘दक्षिण ३५°३०′ पश्चिम’ असे लिहिण्याची पद्धत त्याच सोयीची आहे आणि जुन्या नकाशांत ती अजून भेटते. अशा नोंदीत ३५.५°चे साइन-कॉस घेऊन दक्षिणेसाठी नॉर्दिंगला आणि पश्चिमेसाठी ईस्टिंगला उणे चिन्ह आपण लावायचे असते. पूर्ण दिगंश वापरत असाल, तर मात्र चिन्हाला हात लावू नये. पूर्ण दिगंशही वापरायचा आणि वर चरण पाहून उणेही लावायचे, असे केले की दोनदा उणे होऊन बिंदू नेमका विरुद्ध बाजूला जातो.

होकायंत्राने घेतलेला दिगंश चुंबकीय उत्तरेपासूनचा असतो आणि नकाशाची उत्तर वेगळी असते. दोन्हींमधला कोन ठिकाणानुसार आणि काळानुसार बदलतो. चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला असेल, तर तो कोन होकायंत्राच्या दिगंशात मिळवावा आणि पश्चिमेला असेल तर वजा करावा.

कोन उत्तरेपासून नव्हे, दुसऱ्या बिंदूपासून मोजला असेल तर

प्रत्यक्ष मोजणीत बहुतेक वेळा उत्तर कुठे आहे हे उपकरणाला ठाऊकच नसते. एका ज्ञात बिंदूवर उपकरण लावतात, दुसऱ्या ज्ञात बिंदूकडे पाहून कोन शून्य करतात आणि तिथून फिरून नव्या बिंदूकडे पाहतात. अशा वेळी आधी त्या दुसऱ्या बिंदूचा, म्हणजे बॅकसाइटचा, दिगंश काढावा लागतो.

उपकरण (५००, ५००) येथे आहे आणि बॅकसाइट (५६०, ५८०) येथे आहे. दोन्हीकडे पहिला आकडा ईस्टिंगचा आहे. फरक ६० आणि ८०. त्यामुळे दिगंशाचा टॅन म्हणजे ६० भागिले ८० आणि दिगंश ३६.८६९९°. उपकरणाने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ११०° वाचले आहेत, म्हणून नव्या बिंदूचा दिगंश १४६.८६९९°. बेरीज ३६०च्या वर गेली असती तर त्यातून ३६० वजा केले असते. अंतर ५० मीटर धरल्यास ईस्टिंगमधला फरक २७.३२७ आणि नॉर्दिंगमधला फरक उणे ४१.८७२ येतो. नवा बिंदू (५२७.३२७, ४५८.१२८) येथे पडतो.

या पद्धतीत एक स्वतंत्र पडताळा मिळतो आणि तो मला सर्वांत जास्त आवडतो. नवा बिंदू आणि बॅकसाइट यांच्या निर्देशकांवरून त्यांच्यातले अंतर १२६.१८ मीटर येते. कोसाइनच्या नियमाने १०० आणि ५० या बाजू आणि ११०°चा कोन घेतला तरीही १२६.१८च येते. त्याहून चांगले म्हणजे हे अंतर जागेवर टेप लावून मोजता येते. कागदावरच्या दोन आकड्यांचे एकमत होण्यापेक्षा कागद आणि जमीन यांचे एकमत होणे केव्हाही मोलाचे.

टॅनवरून कोन काढताना एक सापळा आहे. साध्या उलट-टॅनला फक्त भागाकार दिसतो, त्यामुळे ६० भागिले ८० आणि उणे ६० भागिले उणे ८० यांत त्याला फरक कळत नाही. म्हणून संगणकावर दोन्ही फरक वेगवेगळे घेणारे ‘एटॅन२’ हे फंक्शन वापरावे. मात्र त्यातल्या आकड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नाही. पायथनमध्ये आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत य आधी आणि क्ष नंतर द्यायचा असतो. एक्सेलमध्ये क्ष आधी आणि य नंतर. दिगंश हवा असेल, तर याच्या जोडीला अक्षांची अदलाबदलही करावी लागते. अशा ठिकाणी तर्क लढवत बसण्यापेक्षा पूर्वेला असलेला एक बिंदू देऊन पाहावा. उत्तर ९०° आले, की क्रम बरोबर आहे. फंक्शन उत्तर रेडियनमध्ये देते हे विसरू नये, आणि उत्तर ऋण आले तर त्यात ३६०° मिळवावेत.

अंतर आडवे आहे ना?

कोनाइतकी नाही, तरी अंतराचीही थोडी चौकशी हवी. उताराच्या जागेवर टेपने किंवा लेझरने मोजलेले अंतर तिरपे असते आणि निर्देशकांसाठी आडवे अंतर लागते. तिरपे अंतर ८५ मीटर आणि चढ आडव्या पातळीपासून १२° असेल, तर आडवे अंतर ८५ × कॉस १२°, म्हणजे ८३.१४३ मीटर होते आणि उंचीतला फरक १७.६७२ मीटर होतो. तिरपे अंतर तसेच वापरले असते, तर बिंदू १.८५७ मीटरने पुढे गेला असता. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे मोजणीचे उपकरण, उभा कोन बहुधा डोक्यावरच्या बिंदूपासून मोजते. तेव्हा हाच कोन ७८° दिसतो आणि आडव्या अंतरासाठी कॉसऐवजी साइन घ्यावा लागतो.

पडद्यावर आणि वर्कशॉपमध्ये

संगणकाच्या पडद्यावर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खालच्या दिशेने वाढतो. गणिती कोन वापरायचा असेल, तर दुसऱ्या ओळीतली बेरीज वजाबाकी करावी लागते: नवा य = जुना य − अंतर × साइन(कोन). हे न केल्यास चित्र उलटे पडते, आणि सममित चित्रात ते लक्षातही येत नाही.

पडद्यावर घड्याळ काढायचे असेल, तर बारापासून काट्याच्या दिशेने मोजलेला कोन म्हणजे एक प्रकारे दिगंशच. केंद्र (२००, २००), काट्याची लांबी ८० आणि वेळ चारची असेल, तर कोन १२०°. क्ष म्हणजे २०० + ८० × साइन १२०°; तो २६९.२८ येतो. य म्हणजे २०० − ८० × कॉस १२०°. कॉस १२०° उणे ०.५ असल्याने य २४० येतो. चारचा आकडा उजवीकडे आणि थोडा खाली असतो. क्ष केंद्रापेक्षा मोठा आणि य देखील मोठा, म्हणजे पडद्यावर खाली. जुळले.

वर्कशॉपमधले नेहमीचे काम म्हणजे एका वर्तुळावर समान अंतरावर भोके पाडणे. ड्रॉइंगवर पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १२० मिमी आणि भोके पाच असे दिलेले असते. पीसीडी हा व्यास आहे, त्रिज्या ६०. ही निम्म्याची चूक ऐकायला बालिश वाटते, पण घाईत ती होते. ३६० भागिले ५ म्हणजे ७२°. केंद्र शून्यावर धरून पहिले भोक (६०, ०), दुसरे (१८.५४१, ५७.०६३), तिसरे (−४८.५४१, ३५.२६७), चौथे (−४८.५४१, −३५.२६७) आणि पाचवे (१८.५४१, −५७.०६३) येथे येते. सगळ्या क्ष-निर्देशकांची बेरीज शून्य येते आणि य-निर्देशकांचीही शून्य येते. समान वाटणीत हे व्हायलाच हवे. मशीनचा शून्य जॉबच्या, म्हणजे भोके पाडायच्या तुकड्याच्या, कोपऱ्यावर घेतलेला असेल आणि केंद्र तिथून (७५, ७५) वर असेल, तर प्रत्येक निर्देशकात ७५ मिळवायचे. कोनांचे गणित पुन्हा करण्याची गरज नसते.

शेजारच्या दोन भोकांतले सरळ अंतर व्यास × साइन(अर्धा कोन) असते, म्हणजे इथे १२० × साइन ३६° = ७०.५३४ मिमी. एकदा अशाच पाच भोकांची आखणी करताना माझा कॅल्क्युलेटर नकळत ग्रॅडवर गेलेला होता. सेंटर पंच मारण्याआधी डिव्हायडर फिरवला, तर चार अंतरे एकसारखी भरली आणि पाचवे कितीतरी मोठे निघाले. नंतर हिशेब केला तेव्हा कळले की चार अंतरे ६४.३० मिमी आणि शेवटचे ९२.४६ मिमी झाले होते. डिव्हायडर पहिल्या दोन भोकांवर टेकवून थांबलो असतो, तर जॉब वाया गेला असता. वर्तुळावरच्या आखणीत शेवटच्या भोकापासून पहिल्यापर्यंतचे अंतर तपासल्याशिवाय ड्रिल सुरू करू नये, हे तेव्हापासून मी पाळतो.

एकापुढे एक बिंदू

एका बिंदूवरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा असे पुढे जात राहिले, की प्रत्येक चूक पुढच्या सगळ्या बिंदूंच्या अंगावर बसते. त्यामुळे मधल्या पायऱ्यांत पूर्णांकन करू नये. साइन-कॉस निदान सहा दशांश स्थळांपर्यंत ठेवावेत आणि फक्त शेवटचे उत्तर गरजेपुरते छाटावे. फिरून मूळ बिंदूवर परत येणारा ट्रॅव्हर्स (अशी बिंदूंची साखळी) असेल, तर ईस्टिंगमधल्या सगळ्या फरकांची बेरीज शून्य आणि नॉर्दिंगमधल्या फरकांची बेरीजही शून्य यायला हवी. जे उरते ती मिटणीची चूक. ती फार मोठी असेल, तर ती वाटून टाकण्याआधी एखादा दिगंश १८०°ने उलटा तर घेतलेला नाही ना, हे पाहावे.

स्प्रेडशीटमध्ये कॉस ९०° शून्याऐवजी ६.१२ × १०चा उणे सतरावा घात असा दिसला, तर घाबरू नये. पाय ही संख्या संगणकात पूर्ण मावत नाही, त्याचा तो उरलेला कण आहे.

किती चूक म्हणजे किती फरक

आता ३४३८ हा आकडा परत आणू. पूर्ण वर्तुळात २१,६०० मिनिटे असतात. परीघ तेवढा धरला, तर त्रिज्या सुमारे ३४३८ येते. म्हणजे कोनात जितकी मिनिटे चूक, तितक्याने अंतराला गुणून ३४३८ने भागले, की बिंदू बाजूला किती सरकला हे लगेच मिळते. १०० मीटरवर एका मिनिटाची चूक सुमारे २.९ सेंटिमीटर होते आणि एका अंशाची सुमारे १.७५ मीटर. मघाच्या उदाहरणात २१५°३०′ ऐवजी २१५.३० घातले असते, तर ०.२ अंश म्हणजे १२ मिनिटांची चूक झाली असती आणि ६२.४० मीटरवर बिंदू जवळजवळ २२ सेंटिमीटर हलला असता.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कोन एका अंशापर्यंतच माहीत असताना अंतर मिलिमीटरपर्यंत मोजण्यात फारसा लाभ नाही आणि उत्तर तीन दशांशांपर्यंत लिहिणे तर दिशाभूल करणारे आहे. अंतरातली चूक बिंदूला रेषेवरच मागेपुढे सरकवते, कोनातली चूक आडवी सरकवते आणि ही दुसरी चूक अंतराबरोबर वाढत जाते. म्हणून लांबच्या बिंदूसाठी कोनाची काळजी जास्त घ्यावी.

अक्षांश-रेखांश हवे असतील तर

आतापर्यंतचे सगळे गणित सपाट कागदावरचे होते. काही किलोमीटरपर्यंत ते अक्षांश-रेखांशांसाठीही सामान्य कामापुरते चालते, फक्त मीटरांचे अंश करावे लागतात. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली, तर अक्षांशाचा एक अंश सुमारे १,११,१९५ मीटरांचा होतो. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आखडत जातो, म्हणून त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. ४०° उत्तर अक्षांशावरून ६०° दिगंशाने ५०० मीटर गेल्यास उत्तरेकडे २५० मीटर आणि पूर्वेकडे ४३३.०१३ मीटर सरकणे होते. अक्षांशात ०.००२२४८° आणि रेखांशात ४३३.०१३ भागिले ८५,१८० म्हणजे ०.००५०८४° वाढ होते. कोसाइनने गुणायचे राहिले, तर नकाशावरचा बिंदू पश्चिमेकडे ओढलेला दिसतो. ही चूक विषुववृत्ताजवळ लपते आणि वर जाताना उघडी पडते.

अंतर शेकडो किलोमीटरांचे असेल, तर गोलावरचे सूत्र वापरावे. प्रवासाचे अंतर त्रिज्येने भागून केंद्राशी होणारा कोन काढायचा आणि मग:

साइन(नवा अक्षांश) = साइन(जुना अक्षांश) × कॉस(केंद्रकोन) + कॉस(जुना अक्षांश) × साइन(केंद्रकोन) × कॉस(दिगंश)

रेखांशातल्या वाढीसाठी साइन(दिगंश) × साइन(केंद्रकोन) × कॉस(जुना अक्षांश) हा अंश आणि कॉस(केंद्रकोन) − साइन(जुना अक्षांश) × साइन(नवा अक्षांश) हा छेद घेऊन त्यांचा उलट-टॅन काढायचा, तोही चरण ओळखणाऱ्या एटॅन२ने.

त्याच ४०° अक्षांशावरून ६०° दिगंशाने १००० किलोमीटर गेले, तर केंद्रकोन ८.९९३° होतो, नवा अक्षांश ४४.००८° येतो आणि रेखांश १०.८५°ने वाढतो. सपाट सूत्राने अक्षांश ४४.४९७° आला असता, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे ५४ किलोमीटरांचा फरक पडला असता. इथे उलट तपासणीची सवयही बदलावी लागते. सपाट कागदावर परतीचा दिगंश काढायला १८०° मिळवले की झाले, पण गोलावर सरळ जाताना दिगंश वाटेत बदलत राहतो. या उदाहरणात पोहोचताना तो सुमारे ६७.३° झालेला असतो, त्यामुळे मूळ जागी परतायचे असेल तर २४०° नव्हे, २४७.३° दिगंशाने निघावे लागते.